घर कोणाचे, सही कोणाची? : वॉल्टर बर्ली ग्रिफिनच्या घरांची तहकीक

उर्दू तहकीकमध्ये 'इल्हाकी कलाम' अशी एक संज्ञा आहे. जो कलाम शायराचा नाही, पण त्याच्या नावावर त्याच्या दिवाणात जाऊन बसला आहे, तो इल्हाकी कलाम. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, टेम्पोच्या पाठीवर गालिब आणि इकबाल यांच्या नावाने जे शेर छापले जातात त्यांतले कितीतरी त्या बिचाऱ्यांनी कधी लिहिलेच नव्हते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांच्या निबंधांतही अशा शेरांची खैरात असते. हा शेर कोणत्या नुस्ख्यात आहे, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मोठी माणसेही हा प्रश्न विचारीत नाहीत, तेव्हा मुलांना काय बोलावे? मौलाना इम्तियाज अली खां अर्शी यांनी १९५८ साली गालिबचा दिवाण कालक्रमाने लावून दिला आणि आमच्या मुंबईत कालिदास गुप्ता 'रजा' यांनी ते काम पुढे नेले. त्या दोघांनी उभा जन्म याच एका प्रश्नामागे घातला असे म्हटले तरी चालेल.

घरांच्या बाबतीतही इल्हाकी कलाम असतो. मात्र तेथे मामला अधिक गंभीर होतो. शेर दुसऱ्याच्या नावावर गेला तर साहित्याच्या इतिहासाचे नुकसान होते, शेर जागच्या जागी राहतो. घर चुकीच्या नावावर गेले, किंवा कोणाच्याच नावावर राहिले नाही, तर त्याची किंमत बदलते आणि पुष्कळदा ते पडते. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट या नावाचा दबदबा एवढा आहे की त्याची मोहोर लागलेल्या घरासाठी लोक वाटेल तेवढा पैसा मोजतात. साहजिकच जुन्या घराच्या मालकाला, दलालाला, गावच्या इतिहासप्रेमी मंडळींना आपले घर राइटचेच असावे असे वाटत राहते. आपल्याकडे प्रत्येक पडक्या मशिदीचा संबंध औरंगजेबाशी आणि प्रत्येक बुरुजाचा शिवाजी महाराजांशी जोडला जातो, त्यातलाच हा प्रकार.

या लेखात आम्ही ज्या वास्तुकाराविषयी बोलणार आहोत तो राइटच्या सावलीत झाकला गेला. वॉल्टर बर्ली ग्रिफिन हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा या राजधानीचा आराखडा १९१२ साली जागतिक स्पर्धेत त्याने जिंकला, एवढे पाठ्यपुस्तकात असते. त्याने शिकागोच्या परिसरात, आयोवा राज्यातल्या मेसन सिटीत, सिडनीजवळच्या कॅसलक्रॅगमध्ये घरे बांधली हे थोड्यांना ठाऊक असते. आणि हा माणूस ११ फेब्रुवारी १९३७ रोजी आपल्या लखनौत मरण पावला, तेथल्याच ख्रिस्ती कबरस्तानात दफन झाला, हे तर लखनौच्या लोकांनाही क्वचितच माहीत असते. ग्रिफिनची घरे नेमकी कोणती, हा प्रश्न त्यामुळे अमेरिकेत सुरू होऊन आमच्या अंगणात येऊन थांबतो.

तहकीक करणारा माणूस दोन प्रकारच्या शहादती पाहतो. खारिजी, म्हणजे बाहेरची. आणि दाखली, म्हणजे खुद्द कलामातली. घराच्या बाबतीत बाहेरची शहादत म्हणजे सहीचा नकाशा, नगरपालिकेचा बांधकाम परवाना, कंत्राटदाराशी झालेला करार, फी दिल्याची पावती, त्या काळच्या वास्तुकलेच्या मासिकांतल्या नोंदी. ग्रिफिनच्या बाबतीत 'वेस्टर्न आर्किटेक्ट' या मासिकाचा ऑगस्ट १९१३ चा अंक मोलाचा आहे, कारण तो त्याच्याच कामाला वाहिलेला होता. वास्तुकार हयात असताना, घरे ताजी असताना छापलेली ही साक्ष. आतली शहादत म्हणजे घराची बोली. ग्रिफिनच्या घराच्या कोपऱ्यांना जाडजूड खांब असतात, जणू घराला चार पहारेकरी दिले आहेत. बैठकीची आणि जेवणाची जागा भिंतीने न तोडता शेकोटीभोवती काटकोनात वळवलेली असते. शिकागोतल्या हॅरी पीटर्स यांच्या १९०६ च्या घरात ही मांडणी प्रथम दिसते. मजले एका पातळीत न ठेवता अर्ध्या अर्ध्या जिन्याने वरखाली केलेले असतात.

आता खरी अडचण. दाखली शहादत ऐकायला गोड असते, पण एकटी आली तर ती सगळ्यांत कच्ची. त्या काळी शिकागोच्या आसपास जे तरुण वास्तुकार काम करीत होते, ज्यांना 'प्रेअरी स्कूल' म्हणतात, त्या सगळ्यांचीच छपरे पसरट, वळचण लांब, खिडक्या आडव्या रांगेत. एका उस्तादाच्या वर्गात दहा शागिर्द बसले की दहाही जणांचे वळण सारखे होते. आम्ही वर्गात मुलांच्या वह्या तपासतो तेव्हा एका बाकावरच्या दोघांचे अक्षर ओळखू येत नाही, आणि येथे तर शंभर वर्षांपूर्वीच्या विटांचे अक्षर ओळखायचे! नुसत्या सारखेपणावर ज्या घरांना राइटचे किंवा ग्रिफिनचे ठरवले गेले, त्यांच्याकडे संशयाने पाहणे हाच योग्य मार्ग आहे असे आमचे मत आहे. सारखेपणावरून फार तर शोध सुरू करावा, निवाडा देऊ नये.

कागद असला म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. कागदही खोटे बोलतो. खुद्द राइट तरुणपणी लुई सलिव्हन याच्या पदरी नोकरी करीत होता. १८९२ च्या सुमारास त्याने मालकाच्या परस्पर काही घरांची कामे घेतली आणि काही ठिकाणी सेसिल कॉर्विन या मित्राचे नाव पुढे केले. त्या घरांचा कागद पाहिला तर कॉर्विन, भिंती पाहिल्या तर राइट. पुढे हाच राइट आपल्या हाताखालच्या माणसांच्या बाबतीत मात्र भलताच कडक निघाला. ग्रिफिन त्याच्या ओक पार्कच्या स्टुडिओत १९०१ पासून सुमारे पाच वर्षे होता. तो केवळ रेषा मारणारा कारकून नव्हता. बफलोच्या डार्विन मार्टिन यांच्या प्रसिद्ध घराच्या बागेच्या कामात त्याचा हात होता, आणि स्टुडिओत असतानाच १९०३ मध्ये एल्महर्स्ट येथे विल्यम एमरी यांचे घर त्याने स्वतंत्रपणे केले. पैशांवरून दोघांत वाकडे आले आणि १९०६ मध्ये ग्रिफिन बाहेर पडला. त्यानंतर राइट त्याचा उल्लेख करी तो एक ड्राफ्ट्समन म्हणून.

या काळातल्या घरांविषयी 'हे कोणाचे?' असा एका नावाचा प्रश्न विचारणेच आम्हांला चुकीचे वाटते. एका मोठ्या टेबलाभोवती पाच-सहा माणसे बसलेली आहेत. उस्ताद कल्पना देतो, एकजण ती कागदावर आणतो, दुसरा बाग आखतो, तिसरी व्यक्ती असे चित्र काढते की घरमालक हरखून जातो आणि काम मिळते. यात रचना कोणाची? गझलेवर उस्तादाची इस्लाह झाली तरी मक्त्यात तखल्लुस शागिर्दाचे राहते. या स्टुडिओत उलटा न्याय होता. मेहनत शागिर्दांची आणि तखल्लुस उस्तादाचे.

ती तिसरी व्यक्ती म्हणजे मेरियन माहोनी. १८७१ साली शिकागोत जन्मलेली, १८९४ मध्ये एम.आय.टी.तून वास्तुकलेची पदवी घेतलेली, आणि इलिनॉय राज्यात वास्तुकाराचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. १८९५ पासून जवळपास चौदा वर्षे ती राइटच्या स्टुडिओशी जोडलेली होती. राइटचे नाव युरोपात गाजले ते १९१० मध्ये बर्लिनहून निघालेल्या त्याच्या चित्रसंग्रहामुळे. त्या संग्रहातल्या चित्रांचा मोठा भाग माहोनीने काढलेल्या चित्रांवर उभा आहे. झाडांची पाने, वेली, रिकामी सोडलेली जागा, हे जपानी ठशांवरून घेतलेले वळण तिचे होते. चित्रातल्या पानाफुलांत ती आपली आद्याक्षरे बेमालूम लपवून ठेवीत असे. साउथ बेंड येथल्या डीरोड्स यांच्या घराच्या चित्रावर राइटने स्वतः टीप टाकली आहे की हे माहोनीने काढले, आपल्या आणि हिरोशिगेच्या धर्तीवर. दाद देतानाही स्वतःला हिरोशिगेच्या शेजारी बसवून घेतले, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

१९०९ मध्ये राइट घरदार आणि धंदा सोडून युरोपात निघून गेला. अर्धवट कामे हर्मन फॉन होल्स्ट याच्या गळ्यात पडली आणि रचनेचा अधिकार आपल्याकडे राहील या अटीवर माहोनी त्याच्याकडे आली. इलिनॉयमधल्या डेकेटर गावी मिलिकिन प्लेस नावाच्या एका छोट्या रस्त्यावर तीन घरे शेजारी शेजारी उभी आहेत. पहिले एडवर्ड अर्व्हिंग यांचे, ज्याचे काम राइटकडे आले होते. बाकीची दोन रॉबर्ट म्युलर आणि अॅडॉल्फ म्युलर या बंधूंची, राइट गेल्यानंतरची. बागेची आखणी ग्रिफिनची. ही घरे कोणत्या यादीत घालायची? राइटप्रेमींनी ती राइटकडे ओढली, कोणी फॉन होल्स्टच्या नावावर टाकली, आणि फार उशिरा लोकांना आठवले की त्या टेबलावर पेन्सिल हातात घेऊन एक बाई बसलेली होती. मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्न येथल्या 'फेअर लेन' वाड्याचेही तसेच. पहिला आराखडा माहोनीचा, १९१४ मध्ये काम दुसऱ्याच्या हाती गेले, आणि वाडा पुरा झाला तेव्हा त्यात तिचे किती उरले हे दगडालाच ठाऊक.

१९११ मध्ये माहोनी आणि ग्रिफिन यांचे लग्न झाले. येथून आमच्या मते या तहकीकचा सर्वांत बिकट भाग सुरू होतो, आणि अभ्यासकांनी त्याच्याकडे हवे तितके सरळ पाहिलेले नाही.

ग्रिफिनच्या कामाविषयीचा सर्वांत मोठा रावी म्हणजे त्याची बायको. त्याच्या मृत्यूनंतर शिकागोला परतून तिने 'द मॅजिक ऑफ अमेरिका' नावाचे हजाराहून अधिक पानांचे टंकलिखित तयार केले. तिच्या हयातीत ते छापले गेले नाही. त्याच्या प्रती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आणि न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, आणि २००७ पासून ते सर्वांना वाचायला खुले झाले आहे. त्याचे चार भाग म्हणजे चार लढाया आहेत. ऑस्ट्रेलिया किंवा शिकागो यांना मागे ठेवून पहिली लढाई आहे ती हिंदुस्थानची, म्हणजे लखनौची. त्यात ग्रिफिनची लखनौहून आलेली पत्रे तिने उतरवून ठेवली आहेत. इतकी जवळची, इतकी तपशीलवार साक्ष दुसऱ्या कोणाची नाही.

आणि हीच साक्ष एकतर्फी आहे. तिला राइटचा मनस्वी राग होता, आणि नवऱ्याविषयी तिची भक्ती अशी की स्वतःच्या हाताचे कामही ती त्याच्या पदरात टाकते. येथे आम्हांला मौलाना मुहम्मद हुसेन आझाद आठवतात. १८८० साली त्यांनी 'आब-ए-हयात' लिहिले. बादशहा जफर यांच्या कलामाचा मोठा भाग वस्तुतः उस्ताद जौक यांचा आहे, असा दावा त्यांनी केला. हे आझाद कोण? जौक यांचे शागिर्द! पुढे त्यांनी जौकचा दिवाण छापला तेव्हा हाफिज महमूद शीरानींसारख्या मुहक्किकांना त्यात आझादांचाच हात दिसू लागला. प्रेम करणारा रावी असा असतो. तो खोटे बोलायला निघालेला नसतो, पण तराजूत अंगठा ठेवतो. तरीही 'आब-ए-हयात' कोणी फेकून दिले नाही. एकेक रिवायत वेगळी काढून तिला दुसरा पुरावा मागावा, हीच पद्धत पडली. 'मॅजिक ऑफ अमेरिका'लाही हाच न्याय हवा. फरक इतकाच की आझादांनी उस्तादाला वर चढवताना स्वतःला कमी केले नाही. माहोनीने स्वतःला पुसून टाकले. म्हणून तिच्या रिवायतीत ग्रिफिनची बाजू थोडी कमी करून आणि तिची स्वतःची बाजू थोडी वाढवून वाचावी लागते. साक्षीदाराच्या विनयावरही संशय घ्यावा लागावा, असा हा विरळा खटला आहे.

जुन्या पुस्तकांनी हे केले नाही. जेम्स बिरेल यांचे १९६४ चे पुस्तक ग्रिफिनला विस्मृतीतून बाहेर काढणारे, त्याचे ऋण मान्यच आहे. पण शीर्षकात नाव एकट्या ग्रिफिनचे. अॅलन ब्रुक्स यांचा 'द प्रेअरी स्कूल' हा १९७२ चा ग्रंथ राइटभोवतीच्या मंडळींना स्वतंत्र नावे देतो, हे मोठे काम. मात्र माहोनी अशा अभ्यासांत बराच काळ उत्तम चित्र काढणारी एवढ्याच मानावर राहिली. चित्र काढणे आणि रचना करणे यांत एवढी पक्की भिंत होती का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या घराची झाडे कुठे असतील, जिना कोणत्या उजेडात दिसेल, हे जी ठरवते ती नुसती नक्कल उतरवीत नसते. याउलट पॉल क्रूटी आणि पॉल स्प्रेग यांच्या १९९७ च्या पुस्तकाचे नावच आहे 'टू अमेरिकन आर्किटेक्ट्स इन इंडिया'. 'टू' या एका शब्दात निम्मी तहकीक आली. ग्रिफिनच्या हिंदुस्थानी कामाची पहिली गंभीर छाननी या पुस्तकाने केली, आणि उर्दू-मराठी वाचकांपैकी कोणाला या विषयात उतरायचे असेल तर सुरुवात तेथूनच करावी.

आता लखनौ. ग्रिफिन १९३५ च्या अखेरीस आला तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी. शहराने त्याला जादू केली म्हणावे, कारण थोडक्या महिन्यांत त्याच्याकडे कामांची रांग लागली. महमूदाबादचे तरुण राजे अमीर अहमद खान, जे पुढच्या राजकारणात गाजले, त्यांच्यासाठी ग्रंथालय आणि संग्रहालय, जहांगीराबादच्या राजांसाठी जनानखाना, अलाहाबादहून लखनौला आलेल्या 'पायोनियर' पत्राची छापखान्याची इमारत, अनेकांची घरे, आणि १९३६-३७ चे संयुक्त प्रांताचे औद्योगिक व शेतकी प्रदर्शन. माहोनी १९३६ मध्ये येऊन कामाला भिडली. पुढच्या फेब्रुवारीत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांत ग्रिफिन गेला. वय साठ. माहोनीने हाताशी होते ते आवरले आणि ती निघून गेली.

म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष. बऱ्याच योजना कागदावर राहिल्या, प्रदर्शनाचे मंडप तात्पुरतेच होते, 'पायोनियर'ची इमारत पुढे पाडली गेली. तरीही विद्यापीठाच्या टागोर ग्रंथालयाशी ग्रिफिनचे नाव सर्रास जोडले जाते. त्याला ग्रंथालयाचे काम मिळाले होते हे खरे. पण काम मिळाले या नोंदीवरून उभी असलेली इमारत त्याची ठरत नाही. त्याचे नकाशे आणि आजच्या भिंती शेजारी ठेवून खोलीमागून खोली ताडून पाहिल्याशिवाय असे विधान करणे म्हणजे कॅलेंडरवरचा शेर दिवाणात घालणे होय. खाजगी बंगल्यांची गोष्ट आणखी नाजूक. ज्याचा नकाशा ग्रिफिनने १९३६ मध्ये दिला आणि बांधकाम त्याच्या मागे झाले, त्या घराचे निर्णय कोणी घेतले? वीट मिळाली नाही म्हणून दगड कोणी घातला, सज्जा कोणी वाढवला? तेथल्या मिस्त्रीने आणि ठेकेदाराने. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

आणि तो जनानखाना. पडद्यातल्या बायकांना कोणती दारे हवीत, कोणत्या खिडक्या नकोत, उन्हाळ्यात कुठे झोपतात, हे परका पुरुष कसे समजून घेणार? त्या दालनात माहोनीला जाता येणे शक्य होते, ग्रिफिनला नव्हते. एवढ्यावरून रचना तिची, असा निवाडा आम्ही देणार नाही. आताच वर अंदाजाला कच्ची शहादत म्हणून आलो आहोत. पण जनानखान्याचे काम केवळ ग्रिफिनच्या नावावर टाकणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये.

लखनौच्या कामाचे जे कागद अभ्यासकांनी वापरले ते मुख्यतः ग्रिफिन पतिपत्नींकडचे, इंग्रजीतले, समुद्रापार गेलेले. मामल्याची दुसरी बाजू म्हणजे ज्यांनी घरे बांधून घेतली त्यांचे कागद. अवधच्या तालुकेदारांच्या कचेऱ्यांत उर्दूचा कारभार चाले. मजुरीचे हिशेब, चुना-विटांची बिले, कारिंद्यांचे रुक्के, शहराची उर्दू वर्तमानपत्रे, यांत एखाद्या अमेरिकन साहेबाची आणि त्याच्या मेमसाहेबांची नोंद शोधण्याजोगी आहे. महमूदाबादच्या मालमत्तेचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. राजेसाहेबांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, १९६५ च्या युद्धानंतर ती शत्रू-मालमत्ता म्हणून सरकारजमा झाली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजपुत्राच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ च्या कायद्याने तो निष्प्रभ केला. अशा खेचाखेचीत दप्तरांना वाळवी लागते. जी दप्तरे इतर घराण्यांत, वकिलांच्या कपाटांत, जुन्या ठेकेदारांच्या वारसांकडे असतील ती आधी पाहावीत. त्या कामाला नस्तालीक वाचणारा माणूस हवा. हिशेबनिसांचे वळण शिकस्ता असले तर थोडा सराव करावा लागेल, इतकेच.